म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला मोकळं कधी करायचं? तुम्ही कसं ठरवलंत?

ओलीमाती (धागाकर्ती) | मंगळवार, पहाटे २:५०

भुंगा आता १४ वर्षांचा आहे. काळाकुळकुळीत, अंगाने लॅब्राडोर, कान मात्र कुणा दुसऱ्याचे. दोन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं तेव्हा किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ६.२ निघालं. डॉक्टर म्हणाले, किडनीच्या आजाराचा हा चौथा म्हणजे शेवटचा टप्पा. मागचे पाय त्याआधीच कमजोर झाले होते. एक दिवसाआड कातडीखाली सलाइन देते, ते आता माझं मला जमतं.

हे लिहितेय तेव्हा तो माझ्या शेजारी उभा आहे. नुसता उभा. बसायचं म्हणून मागचा भाग खाली नेतो, अर्ध्यात थांबतो, परत उठतो, दोन पावलं टाकतो, धापा टाकतो. दीड तास हेच चाललंय. मघाशी दाराच्या मागच्या कोपऱ्यात शिरून अडकला होता, भिंतीकडे तोंड करून. मागे सरकलं की सुटता येतं हे त्याच्या ध्यानातच येत नाही. पोटाखालून टॉवेल घालून मी त्याला बाहेर काढला. गेले तीन आठवडे रोज पहाटे हे असंच.

नवरा सकाळी सातला बाहेर पडतो. धापांनी झोप मोडते म्हणून तो दुसऱ्या खोलीत झोपतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, दिवसभर गाडी चालवायची असते त्याला. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा भुंगा मान वर करतो, शेपटी जमिनीवर आपटतो, त्याच्या हातून चार घास खातो. तो म्हणतो, "अगं, ओळखतोय, खातोय, शेपटी हलवतोय. अशा जिवाला मरणाचं इंजेक्शन द्यायचं?" यातलं काहीच खोटं नाही. संध्याकाळचा भुंगा मीही बघते आणि मलाही तेच वाटतं.

डॉक्टर चांगले आहेत. ते म्हणाले, "तुम्ही ठरवा, मी आहे." बाकी सगळे सांगतात की तो स्वतःच सांगेल, त्याच्या डोळ्यांत दिसेल. मी तीन आठवडे त्याच्या डोळ्यांत बघतेय. वयाने येणारी निळसर धुरकट छटा दिसते. दुसरं काहीही दिसत नाही. मला वाचता येत नाही की तो सांगत नाही, हेही कळत नाही.

धीर द्या, तोही हवाच आहे. पण त्याहून जास्त मला हे हवंय: तुम्ही नेमकं काय बघितलंत आणि त्यावरून कसं ठरवलंत?

सायंतारा | मंगळवार, पहाटे ५:१५

ओलीमाती, आधी तुला घट्ट मिठी. पहाटे तीनची वेळ मला चांगली ठाऊक आहे.

आमची राणी १२ वर्षांची होती. हृदयाची झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी गाढ झोपेतले श्वास मोजायला सांगितले होते. मिनिटाला ३० च्या आत असले तर ठीक, सतत त्याच्या वर राहिले तर फुप्फुसांत पाणी साचतंय असं समजायचं. मी वहीत लिहून ठेवायचे. २६, २८, मग ३४, मग ३८. गोळी वाढवली, दोन दिवस खाली आले, परत वर. डॉक्टर म्हणाले, आता फार थांबू नका. पण दोन दिवसांनी माझा मुलगा येणार होता. त्याची भेट होऊ दे म्हणून मी थांबले.

तो यायच्या आदल्या रात्री तिला श्वास मिळेनासा झाला. मान ताणलेली, कोपरं अंगापासून दूर, हिरड्या निळ्या. गाडीतून नेताना चाळीस मिनिटं ती माझ्या मांडीवर हवेसाठी झगडत होती. दवाखान्याच्या दारात गेली. मुलाची भेट झालीच नाही.

याला सहा वर्षं झाली. तिला आठवायचं म्हटलं की अजून आधी ती चाळीस मिनिटं आठवतात, बारा वर्षं नंतर. आकडे माझ्या समोर होते, माझ्याच अक्षरात. मी डोळ्यांत काही दिसायची वाट बघत बसले.

पाणकणीस | मंगळवार, सकाळी ९:३०

मी थोडी उलटी बाजू लिहितो, कारण हा धागा पुढे इतरही वाचतील.

आमचा टिपू १३ वर्षांचा असताना एका सकाळी उठायला गेला आणि एका अंगावर कोसळला. मान वाकडी, डोळ्यांची बुबुळं एका लयीत इकडून तिकडे झटके खात होती, उलट्या चालू. आम्हाला वाटलं लकवा मारला. आम्ही रडत रडत त्याला निरोप द्यायच्या तयारीनेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ही आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची गडबड दिसते, म्हाताऱ्या कुत्र्यांना ती अशी अचानकच होते, तीन दिवस थांबा. उलटी थांबवायचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला टेकून उभा राहिला. अडीच आठवड्यांत चालायला लागला. मान थोडी तिरकी राहिली ती राहिलीच. त्यानंतर १६ महिने जगला, आणि चांगले जगला.

भुंगाचं तसं नाही हे मला कळतं. गेलेली किडनी परत येत नाही. पण ज्यांच्या कुत्र्याला कालपर्यंत काही नव्हतं आणि आज अचानक झालंय, त्यांनी त्याच दिवशी, निदान व्हायच्या आत, हा निर्णय घेऊ नये. अर्थात पोटात रक्तस्राव झालाय, श्वास कोंडलाय अशी गोष्ट असेल तर डॉक्टर तसं सांगतातच.

आडवाटेने | मंगळवार, सकाळी ११:०५

"खातोय म्हणजे बरा आहे" हे निदान लॅब्राडोरच्या बाबतीत तरी धरू नका, ही माझी कळकळीची विनंती. आमच्या बंड्याला पायाच्या हाडाचा कॅन्सर होता. शेवटच्या दिवशी सकाळी त्याने वाडगा चाटून पुसून स्वच्छ केला. त्याच दिवशी दुपारपर्यंत तो पाय जमिनीला टेकवू शकत नव्हता आणि वेदनेच्या गोळ्या चार तासही पुरत नव्हत्या. भूक ही त्याच्याकडे सगळ्यात शेवटी उरलेली गोष्ट होती.

शेपटीचंही तसंच. शेपटी हलते ती तुम्ही आलात म्हणून. तुम्ही खोलीत नसताना तो कसा असतो ते बघा. आम्ही फोन उंचावर ठेवून दोन तास चित्रण केलं होतं. आम्ही बाहेर गेल्यावर तो पूर्ण वेळ तीन पायांवर उभा होता. झोपलाच नाही. आम्ही घरी असताना मात्र धडपडत का होईना, दारापर्यंत यायचा.

मी केलं ते सांगतो. तो ठणठणीत असताना त्याला कशाकशाचा सोस होता ते लिहून काढलं. पाच गोष्टी निघाल्या: गाडीचा आवाज आला की फाटकाशी धावणं, चेंडू, दुपारच्या उन्हाचा पट्टा पकडून त्यात लोळणं, शेजारच्या मांजरीवर पाळत, आणि रात्री माझ्या पलंगावर चढणं. मग त्यातलं काय उरलंय ते बघितलं. खाणं त्या यादीत मुद्दाम धरलं नव्हतं. दोन उरल्या तेव्हा मी डॉक्टरांशी बोललो. एक उरली तेव्हा दिवस ठरवला. उन्हाचा पट्टा उरला होता.

आणि धागाकर्ती, एक स्पष्ट सांगतो, रागावू नका. तुम्ही दोघं एकाच घरात दोन वेगळे कुत्रे बघताय. ते संध्याकाळी साडेसातचा बघतात, तुम्ही पहाटे तीनचा. यावर कितीही बोललात तरी एकमत होणार नाही, कारण दोघंही खरंच सांगताय. सुट्टीला जोडून दोन रात्री त्यांना भुंगाजवळ झोपू द्या आणि तुम्ही आतल्या खोलीत झोपा. त्यांना पटवायला जाऊ नका. नुसतं बघू द्या.

रानजाई | मंगळवार, दुपारी ३:२०

मी पशुवैद्य आहे, १९ वर्षं कुत्र्यामांजरांचंच काम करते. भुंगाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आधी ती रात्रीची उभं राहण्याची गोष्ट. कुत्रा दुखतं म्हणून केकाटेल अशी आपण वाट बघतो. जुनं, रोजचं दुखणं बहुतेक कुत्रे मुकाट सोसतात. ते दिसतं ते असं: गार जागीही धापा, आडवं होता न येणं, सारखी जागा बदलणं, एकच ठिकाण चाटत बसणं, हात लावल्यावर अंग आखडणं. भुंगाच्या बाबतीत मला तीन शक्यता दिसतात आणि तिन्ही एकत्र असू शकतात.

पहिली, मागच्या पायांचं, कमरेचं दुखणं. दुसरी, मळमळ. किडनी काम करेनाशी झाली की रक्तात युरिया साठत जातो. त्याने मळमळ होते आणि तोंडात जखमा होतात. ओठ सारखे चाटतो का, घोट गिळतो का, वाडगा हुंगून तोंड फिरवतो पण तुमच्या हातून मात्र खातो का, तोंडाला उग्र वास येतो का, हे बघा. आज उजेडात त्याचा ओठ उचलून हिरड्या, गालाची आतली बाजू आणि जिभेची कड नीट तपासा. तिसरी, मेंदूचा म्हातारपणाचा ऱ्हास. कोपऱ्यात अडकणं, दिवसा झोपणं आणि रात्री फिरणं, शिकवलेलं विसरून घरात शी-शू करणं, ही त्याची ठळक लक्षणं. हे दुर्मीळ नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत असा किमान एक बदल आढळला होता.

आता करण्यासारखं. मळमळीवर मॅरोपिटंट चांगलं चालतं, ते सुरू आहे का विचारा. रक्तदाब मोजून घ्या, किडनीच्या कुत्र्यांचा तो बरेचदा वाढलेला असतो आणि त्यावर औषध आहे. दुखण्यावर एरवी आम्ही कार्प्रोफेन किंवा मेलोक्सिकॅम देतो, पण अशा किडनीवर ती धोक्याची. गॅबापेंटिन कमी मात्रेत देता येतं. आणि घरातली माणसांची गोळी, आयबुप्रोफेन असो वा पॅरासिटामॉल, मनाने अजिबात देऊ नका. भुंगाच्या अवस्थेत तर नाहीच.

या सगळ्याला मुदत घाला. पाच ते सात दिवस. एवढं करून रात्री सुधारल्या तर तुम्हाला थोडा चांगला काळ मिळाला. सुधारल्या नाहीत, तर आमच्या पेटीत आता फारसं काही उरलेलं नाही असा त्याचा अर्थ.

मोजपट्टी हवी असेल तर डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या कॅन्सरतज्ज्ञ पशुवैद्यांनी २००४ साली मांडलेली आहे. वेदना (श्वास त्यातच येतो), भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर घरी शुश्रूषा करत राहायला हरकत नाही असं त्या मानतात. मी लोकांना ही मोजपट्टी देते, पण एक सांगते: वेदना किंवा श्वास या रकान्यात शून्य पडत असेल तर बेरीज करू नका. बाकीच्या सहा रकान्यांनी ते भरून निघत नाही. आणि घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्या, एकमेकांचे न बघता.

शेवटचं, तुमचे डॉक्टर "तुम्ही ठरवा" म्हणाले त्याबद्दल. आम्ही कुत्र्याला पंधरा मिनिटं बघतो, तेही टेबलावर, जिथे भीतीनेच त्याच्या अंगात बळ येतं. घरी लंगडणारा कुत्रा दवाखान्यात सरळ चालतो. म्हणून पहाटे तीनचं चित्रण करून त्यांना दाखवा. आणि प्रश्न बदला. "काय करू?" असं विचारलंत तर आम्ही सावध उत्तर देतो. "हा तुमचा स्वतःचा असता तर तुम्ही काय केलं असतं?" असं विचारा.

उंबरा | मंगळवार, रात्री ९:१०

माझं मत वेगळं आहे, लिहू का नको असा विचार करून लिहितेय. जीव घेण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही, कितीही दयेपोटी असला तरी. आमची चांदी यकृताच्या गाठीने आजारी होती. आम्ही तिला घरीच जाऊ दिलं. दर चार तासांनी कूस बदलायची, कोपरं आणि खुब्याखाली मऊ गाद्या, अंग पुसायचं, ओल्या कापसाने तोंड ओलं ठेवायचं, डॉक्टरांनी दिलेली वेदनेची औषधं घड्याळ लावून. शेवटचे दोन दिवस ती झोपेतच होती आणि झोपेतच गेली. आम्ही सगळे जवळ होतो. मला त्याची खंत नाही. ओलीमातीने इंजेक्शनच द्यावं अशा दिशेने सगळे ढकलताहेत असं वाटलं म्हणून लिहिलं.

रानजाई | मंगळवार, रात्री १०:००

उंबरा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. तुम्ही जे केलंत त्याला मेहनत लागते, आणि तुम्ही ती केलीत. चांदी तशी गेली याचा मला मनापासून आनंद आहे.

पण प्रत्येक आजार तसा नेत नाही. किडनीच्या शेवटच्या दिवसांत मळमळ, तोंडातल्या जखमा, कधी झटके येतात, आणि हे कित्येक दिवस चालू शकतं. सायंताराने हृदयाचं लिहिलंच आहे. "नैसर्गिक मरण" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झोपेतलं मरण येतं. माझ्या इतक्या वर्षांत झोपेत, त्रासाशिवाय गेलेले कुत्रे मी फार थोडे बघितलेत. कुणाला घरीच जाऊ द्यायचं असेल तर वेदनेची आणि झटक्यांची औषधं हाताशी हवीत आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर हवा. नुसतं औषध थांबवून वाट बघणं म्हणजे ते नव्हे.

सायंतारा | मंगळवार, रात्री १०:२०

उंबरा, ढकलायचं नव्हतं. माझं दुःख जरा जोरात बोललं असेल.

ओलीमाती | शुक्रवार, सकाळी ८:४०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. आडवाटेने, राग अजिबात नाही.

मंगळवारी संध्याकाळी भुंगाचा ओठ उचलून बघितला. जिभेच्या दोन्ही कडांना जखमा आहेत, एक चांगली नखाएवढी. मी रोज त्याला भरवत होते आणि मला हे माहीत नव्हतं. हे लिहितानाही पोटात कालवतंय. माझ्या हाताचा मान ठेवून तो त्या तोंडाने खात होता.

बुधवारी डॉक्टरांना चित्रण दाखवलं. ते पूर्ण बघेपर्यंत गप्प होते. मळमळीचं औषध, गॅबापेंटिन आणि तोंडासाठी एक जेल सुरू केलं. रक्तदाब वाढलेला निघाला, त्याचीही गोळी दिली. आणि काल रात्री भुंगा झोपला! अकरा ते पाच, आडवा पडून, चारी पाय लांब करून. मी दोनदा उठून छाती हलतेय ना ते बघून आले. आज सकाळी अंगणात उन्हात जाऊन बसला.

आता वाटतंय, मी घाई करत होते का? की यालाच भुलायचं नसतं?

आणि दोन प्रश्न. मुलगी ९ वर्षांची आहे, तिला काय आणि किती सांगायचं? आणि रानजाई, ते प्रत्यक्ष कसं होतं ते सांगाल? मला माहीत करून घ्यायचंय. न कळल्याने जास्त भीती वाटतेय.

चिमणपाखरू | शुक्रवार, सकाळी १०:१५

मुलीबद्दल एवढंच सांगते: "झोपवलं" हा शब्द वापरू नका. आम्ही वापरला. आमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. पुढे महिनाभर तो रात्री झोपायला घाबरायचा. शेवटी एकदा त्याने विचारलं, "मला बरं नसेल तेव्हा तुम्ही मला पण झोपवणार का?" तेव्हा कळलं काय होऊन बसलंय. "भुंगा खूप आजारी आहे, औषधांनी बरा होणार नाही, डॉक्टर त्याला असं औषध देणार आहेत की त्याचं शरीर बंद पडेल आणि तो मरेल, त्याला दुखणार नाही," असं सरळ सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला हे समजतं. तिला जवळ राहायचं आहे का ते विचारा, आणि ती आयत्या वेळी नाही म्हणाली तरी चालेल हेही सांगून ठेवा. मुलांना न सांगता नेऊन परत आलात तर ती गोष्ट विसरत नाहीत.

घरात दुसरा प्राणी असेल तर त्यालाही नंतर हुंगू द्या. आमची दुसरी कुत्री आली, हुंगलं, जाऊन आपल्या जागी बसली. तिने नंतर घरभर शोधाशोध केली नाही.

रानजाई | शुक्रवार, दुपारी १:४५

ओलीमाती, घाई नव्हती. त्याला मळमळत होतं, दुखत होतं, ते तुम्ही ओळखलंत. औषधाने मिळालेले दिवस मनसोक्त घ्या. फक्त ते उधारीचे आहेत हे विसरू नका. कॅलेंडरवर रोज रात्रीसकट एक खूण करा, बरा दिवस की वाईट. आठवणीवर विसंबू नका, एक चांगली सकाळ आली की आपण मागच्या चार रात्री विसरतो.

प्रत्यक्ष कसं होतं ते सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन, स्नायूत किंवा कातडीखाली. ते किंचित चुरचुरतं. पाच ते पंधरा मिनिटांत तो गाढ पेंगतो. बोलायचं असेल ते या वेळात बोला. मग पायाच्या शिरेत सुई. भुंगाच्या अंगात पाणी कमी आहे, शीर सापडायला वेळ लागू शकतो, घाबरू नका, त्याला तोवर कळत नसतं. त्यातून पेंटोबार्बिटॉल देतात. ते मुळात भुलीचंच औषध आहे, इथे फार मोठ्या मात्रेत. काही सेकंदांत शुद्ध पूर्ण जाते, एकदोन मिनिटांत हृदय थांबतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून खात्री करतात.

दोन गोष्टी आधी माहीत हव्यात, नाहीतर लोक हादरतात. डोळे मिटत नाहीत. आणि हृदय थांबल्यावरही एखाददुसरा खोल श्वास घेतल्यासारखी हालचाल होते, स्नायू थरथरतात, लघवी सुटते. तो परत आलेला नसतो. ती शरीराची आपोआप होणारी क्रिया असते. मुलगी जवळ राहणार असेल तर तिलाही आधी सांगा.

पुरणार असाल तर खड्डा खोल हवा. औषध शरीरात राहतं, एखाद्या प्राण्याने उकरून खाल्लं तर त्याला विषबाधा होते.

उंबरा | शुक्रवार, रात्री ८:३०

तो झोपला हे वाचून डोळे भरून आले. ओलीमाती, तुमचा निर्णय काहीही झाला तरी मी तुमच्याबरोबर आहे. तोंडाच्या जखमेसाठी अन्न कोमट आणि पातळ करून दिलंत तर त्याला गिळायला सोपं जाईल. गरम नको.

पाणकणीस | शुक्रवार, रात्री ९:००

+१. आणि फरशीवर रबरी चटया टाका, दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सलग. घसरायची भीती गेली की म्हातारे कुत्रे निम्मे सैलावतात.

ओलीमाती | तिसरा रविवार, सायंकाळी ६:१०

भुंगा काल गेला. सकाळी साडेदहाला, घरी, उन्हातल्या त्याच्या जागेवर.

चांगल्या रात्री पाच मिळाल्या. सहाव्या रात्री परत उभं राहणं सुरू झालं. कॅलेंडरवर सलग तीन वाईट खुणा झाल्या. गॅबापेंटिनची मात्रा बदलून बघितली, दिवसभर गुंगीत असायचा आणि पहाटे पुन्हा उभा. मी आणि नवऱ्याने वेगवेगळे गुण दिले. माझे २१ झाले, त्याचे ४४.

मग 'आडवाटेने' यांनी सांगितलं तसं मी केलं. काही न बोलता अंथरूण बदललं. पहिल्या रात्री तो म्हणाला, "जरा अस्वस्थ होता, पण ठीक." दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली, पॅसेजमध्ये दिवा दिसला. नवरा जमिनीवर बसला होता. भुंगा त्याच्यासमोर उभा, डोकं त्याच्या खांद्यावर टेकलेलं, मागचे पाय थरथरत होते. नवऱ्याने दोन्ही हातांनी त्याचा मागचा भाग तोलून धरला होता. म्हणाला, "दोन वाजल्यापासून असाच आहे. सोडलं की पडतो. तू हे रोज करत होतीस?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी संध्याकाळच बघत होतो गं."

सकाळी त्यानेच डॉक्टरांना फोन केला. मी सांगितलेला प्रश्न त्याने विचारला. डॉक्टर म्हणाले, "माझा असता तर या आठवड्यात." त्यांना गुरुवार किंवा शनिवार जमणार होता. दोन्हींत काही फरक नव्हता. मी इतके दिवस त्या एका दिवसाची वाट बघत होते, जो आला की कळेल. तसा दिवस आला नाही. आम्ही शनिवार घेतला, मुलीला शाळा नव्हती म्हणून.

शुक्रवार त्याचा चांगला गेला, हे मला सगळ्यात जड गेलं. मुलीने त्याला घासून पुसून स्वच्छ केलं, तो तिच्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. मी रात्री नवऱ्याला म्हटलं, रद्द करू या का? तो म्हणाला, "आज बरा आहे म्हणूनच उद्या. परत तसा उभा राहिलेला मला बघायचा नाही." सायंतारा, त्या वेळी मला तुझी राणी आठवली. तू ते सगळं लिहिलंस, त्यासाठी तुझे किती आभार मानू.

सगळं रानजाईंनी लिहिलं होतं त्याच क्रमाने झालं. शीर सापडायला वेळ लागला, दुसऱ्या पायात सापडली. मुलगी गुंगीचं इंजेक्शन होईपर्यंत थांबली, मग म्हणाली की आता मी आत जाते, आणि गेली. नवऱ्याच्या मांडीवर त्याचं डोकं होतं. शेवटचा तो श्वास आला तेव्हा नवरा दचकला, मी त्याचा हात धरला, मला माहीत होतं.

शेवटपर्यंत त्याच्या डोळ्यांत मला काही दिसलं नाही. ज्यांना दिसतं त्यांना दिसत असेल. मला रात्री दिसल्या, जखमा दिसल्या, कॅलेंडर दिसलं.

खरं सांगायचं तर आत्ता हलकं वाटतंय आणि त्याची लाजही वाटतेय, दोन्ही एकाच वेळी. उंबरा, पातळ करून दिलेलं तो शेवटपर्यंत खात होता. चटयाही त्याला आवडल्या होत्या, त्यांवरूनच चालायचा.

काल रात्री आम्ही तिघंही एका खोलीत झोपलो. पहाटे तीनला मला जाग आली, नवराही जागाच होता. तो उठला, बाहेर गेला, आणि दाराच्या मागचा कोपरा बघून आला.